कोरफड : कोरड्या अंगणाची शोभा

महाराष्ट्रातील अनेक घरांच्या दारावर कोरफडीचे एखादे रोप मुळासकट उपटून उलटे टांगलेले दिसते. दृष्ट लागू नये अशी त्यामागील समजूत. समजुतीचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट प्रत्येकाच्या नजरेस येते. त्या रोपाच्या मुळांना माती नसते, त्यास कोणी पाणी घालीत नाही, आणि तरीही ते कित्येक महिने हिरवे राहते. पुष्कळदा त्याचा शेंडा वाकून वर, उजेडाकडे वळलेलाही दिसतो. जे झाड मातीपाण्यावाचून उंबरठ्यावर इतके दिवस जगू शकते, ते अंगणात, शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयापुढे उन्हाळ्याला तोंड देऊ शकेल, हे सहज पटण्यासारखे आहे. वर्धा जिल्ह्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात या झाडाची ओळख नव्याने करून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

उन्हाळ्यातील बागेचा प्रश्न

वर्धा जिल्ह्याचे आठही तालुके, म्हणजे वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर, उन्हाळ्याच्या तीव्रतेबद्दल प्रसिद्ध आहेत. मे महिन्यात पारा अनेकदा ४५ अंशांच्या पुढे जातो. महिन्याच्या अखेरीस येणारा नवतपा तर माणसांनाच नव्हे, झाडाझुडपांनाही नकोसा वाटतो. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. हे प्रमाण थोडे नाही. पण त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. उरलेल्या आठ महिन्यांत बाग टिकवायची ती विहिरीच्या, नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यावर.

येथेच खरा पेच निर्माण होतो. आवार सुशोभित असावे असे प्रत्येक शाळेस व प्रत्येक ग्रामपंचायतीस वाटते. त्यासाठी हिरवळ लावली जाते, नाजूक फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या जातात. मार्च उजाडला की पाणी कमी पडू लागते. शाळांना उन्हाळी सुट्टी लागते आणि विदर्भातील शाळा कडक उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. या मधल्या काळात झाडांना पाणी घालण्यास कोणी नसते. मुले शाळेत परततात तेव्हा बागेच्या जागी वाळलेल्या काड्या उरलेल्या असतात. दरवर्षी नव्याने रोपे आणावयाची आणि दरवर्षी ती वाळू द्यावयाची, हा क्रम अनेक ठिकाणी चालू राहतो.

पाण्याचा हिशेब मांडला म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीस रोज ६ मिलिमीटर पाणी दिले, असे धरल्यास १०० चौरस मीटर हिरवळीस रोज ६०० लिटर पाणी लागेल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई रोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण मानले आहे. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या हिरवळीवर रोज जवळजवळ अकरा माणसांचे पाणी खर्च होते. ज्या गावात उन्हाळ्यात बायाबापड्यांना पाण्यासाठी रांगेत उभे राहावे लागते, त्या गावात असे सुशोभन शोभत नाही. जे थोडेफार पाणी बागेसाठी मिळेल ते प्रथम पोषण आहाराच्या परसबागेतील भाजीपाल्यास व सावली देणाऱ्या नव्या वृक्षांस मिळाले पाहिजे. शोभेच्या झाडाने त्यात वाटा मागू नये. या कसोटीस उतरणाऱ्या झाडांत कोरफड अग्रभागी आहे.

कोरफडीची ओळख

कोरफडीस संस्कृतात कुमारी किंवा घृतकुमारी म्हणतात. वर्ध्याच्या हिंदी भाषकांत ती ग्वारपाठा या नावाने परिचित आहे. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ॲलो व्हेरा असे आहे. तिचे मूळ स्थान अरबस्तानचा द्वीपकल्प मानला जातो. परंतु भारतात ती इतक्या प्राचीन काळापासून रुजली आहे की ती परकी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जाड, मांसल, करड्या-हिरव्या पानांचा गुच्छ जमिनीलगत वाढतो. पानांच्या कडांस लहान मऊसर काटे असतात. कोवळ्या रोपांच्या पानांवर पांढरट ठिपके दिसतात. पूर्ण वाढलेले झाड साधारणतः ६० ते ९० सेंटिमीटर उंच होते. हिवाळ्यात व त्यानंतरच्या दिवसांत मधोमध उंच दांडा येऊन त्यावर पिवळ्या नळीसारख्या फुलांचा तुरा लागतो. त्यातील मधासाठी शिंजीर पक्षी येतात.

कोरफड व घायपात यांची अनेकदा गल्लत होते. घायपात ही मेक्सिकोकडून आलेली, कुंपणास व बांधावर लावली जाणारी वनस्पती. तिच्या पानात चिवट धागा असतो आणि पानाच्या टोकास सुईसारखा कठीण काटा असतो. तिचा गुच्छ अनेक वर्षांनी एकदाच फुलतो व नंतर मरतो. कोरफडीचे पान मोडले असता आत धागा नसतो, पारदर्शक गर असतो. ती दरवर्षी फुलते आणि फुलल्यानंतरही जगते. घायपातीचा रस अंगास लागल्यास खाज सुटते व काटा डोळ्यास इजा करू शकतो. यास्तव मुलांच्या वावराच्या जागी घायपात लावणे इष्ट नव्हे. हीच गोष्ट शेर या झुडपाची. त्याचा पांढरा चीक डोळ्यांस अत्यंत घातक असल्याने शाळेच्या आवारात त्यास स्थान असू नये.

रात्री उघडणारी पर्णरंध्रे

कोरफड पाण्याविना कशी तगते, हे समजून घेण्यासारखे आहे. सर्वसाधारण झाडे दिवसा आपल्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडतात. त्यांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार होते. परंतु छिद्रे उघडी असताना पानातील पाण्याची वाफही बाहेर जाते. दुपारच्या उन्हात ही हानी फार मोठी असते.

कोरफडीने याच्या उलट रीत पत्करली आहे. तिची पर्णरंध्रे दिवसा बहुतांशी बंद असतात व रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती एका आम्लाच्या रूपाने पानात साठवून ठेवते. दिवस उजाडला की छिद्रे मिटतात, साठवलेल्या आम्लातून तो वायू आतल्या आत सुटतो आणि उन्हात त्याचे अन्न बनते. हवेतील एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळविताना कापसासारख्या वनस्पती सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. ज्वारीसारख्या वनस्पती २५० ते ३०० ग्रॅम पाणी गमावतात. रात्री छिद्रे उघडणाऱ्या मांसल वनस्पतींत हे प्रमाण अवघे ५० ते १०० ग्रॅम असते. या काटकसरीची किंमतही आहे. अशा वनस्पतींची वाढ मंद असते. शिवाय पानाच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते व त्यावरील मेणचट साल ते बाहेर जाऊ देत नाही. उंबरठ्यावर टांगलेली कोरफड महिनोन्महिने जगते ती या साठ्यावर.

या क्रियेचा शोध लागण्यास भारतात झालेले एक साधे निरीक्षण कारणीभूत झाले, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे. बेंजामिन हेन हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मद्रासकडे काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. आपल्या अंगणातील पानफुटीचे पान सकाळी चघळल्यास आंबट लागते व दुपारी त्याची आंबट चव नाहीशी होते, असे त्यांच्या ध्यानात आले. ही गोष्ट त्यांनी १८१३ साली पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीस कळविली. रात्री साठणारे आम्ल दिवसा खर्च होते, हेच त्या चवीतून प्रकट झाले होते. पानफुटी ज्या क्रासुलेसी कुळात मोडते, त्या कुळाचे नाव पुढे या संपूर्ण क्रियेस मिळाले.

खरा शत्रू ऊन नव्हे, साचलेले पाणी

कोरफड अवर्षणात टिकते हे ऐकून अनेक ठिकाणी ती उत्साहाने लावली जाते. उन्हाळा ती सुखरूप पार पाडते आणि जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कुजून जाते. लावणाऱ्यास याचे आश्चर्य वाटते. त्याचे कारण जिल्ह्याच्या जमिनीत आहे.

वर्धा जिल्ह्याचा बराच मोठा भाग काळ्या कसदार जमिनीचा आहे. ही जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणापासून तयार झाली. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसून तिला भेगा पडतात. ओल धरून ठेवण्याचा हा गुण कापसास व तुरीस उपकारक आहे. कोरफडीस मात्र तोच मारक ठरतो. तिची मुळे उथळ व मऊ असतात. त्यांना पाण्याबरोबर हवाही लागते. सतत आठ-पंधरा दिवस चिखलात राहिल्यास ती गुदमरतात, बुरशी लागते आणि पानांचा बुंधा मऊ पडून सडतो. आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांतील उंचवट्याच्या बरड, मुरमाड जमिनीत हा धोका पुष्कळ कमी असतो, कारण तेथे पाणी थांबत नाही. वर्धा जिल्ह्यात कोरफड लावताना तिला उन्हाळ्यात पाणी कसे द्यावे यापेक्षा पावसाळ्यात पाण्यापासून कसे वाचवावे, याचाच विचार अधिक केला पाहिजे.

वाफा कसा करावा

काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात मुरूम भरणे हा उपाय अनेकांस सुचतो. तो चुकीचा आहे. भोवतालच्या चिकणमातीतून पाण्यास वाट मिळत नाही. मुरूम भरलेल्या खड्ड्यात भोवतालचे पाणी येऊन साचते आणि तो खड्डा पावसाळ्यात लहानशी विहीर होऊन बसतो. योग्य मार्ग म्हणजे वाफा जमिनीच्या वर उचलणे.

चार मीटर लांब, एक मीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच असा वाफा एका शाळेस किंवा कार्यालयास पुरेसा आहे. कडेस दगड किंवा जुन्या विटा चुन्या-सिमेंटाविना नुसत्या रचाव्यात, म्हणजे फटींतून पाणी निघून जाईल. या वाफ्यास १.२ घनमीटर भर लागते. त्यात दोन भाग मुरूम, एक भाग विटांचे तुकडे किंवा जाड रेती आणि एक भाग माती व पूर्ण कुजलेले शेणखत यांचे मिश्रण असावे. म्हणजे मुरूम ०.६ घनमीटर, विटांचे तुकडे ०.३ घनमीटर व माती-खताचे मिश्रण ०.३ घनमीटर लागेल. ताजे शेण घालू नये. त्याने मुळे जळतात व किडीस आमंत्रण मिळते. वाफ्याचा पृष्ठभाग मधोमध किंचित उंच ठेवावा. छपराची पागोळी ज्या ठिकाणी पडते तेथे, तसेच हातपंपाच्या ओट्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या वाटेत वाफा करू नये.

ज्यांना वाफा शक्य नसेल त्यांनी फुटके माठ, रांजण, जुनी घमेली यांचा उपयोग करावा. तळास दोन-तीन मोठी छिद्रे असणे आवश्यक आहे. अशा कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे खालील छिद्रे चिखलाने बुजणार नाहीत.

सकाळचे व अकरा-बारा वाजेपर्यंतचे ऊन मिळेल आणि दुपारी कडुनिंबासारख्या झाडाची विरळ सावली पडेल, अशी जागा सर्वोत्तम होय. दिवसभर ऊन असलेल्या जागीही कोरफड जगते. मात्र तेथे मे महिन्यात तिची पाने तांबूस होतात, पातळ होऊन आत वळतात. हे झाड मरत असल्याचे लक्षण नव्हे. पहिल्या पावसानंतर पाने पुन्हा भरतात व हिरवी होतात. दाट सावलीत मात्र ती लांबट, निस्तेज व लुळी पडते.

लावणी

कोरफड सहसा बियांपासून वाढवीत नाहीत. जुन्या झाडाच्या बुंध्याभोवती फुटणारी पिले हीच तिची रोपे. १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे, स्वतःची मुळे फुटलेले पिल्लू सुऱ्याने मूळ झाडापासून अलग करावे. ते लगेच मातीत लावणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कापलेल्या ओल्या जखमेतून बुरशी शिरते. यास्तव पिले तीन-चार दिवस सावलीत, हवेशीर जागी तशीच पडू द्यावीत. जखम सुकून तिच्यावर पापुद्रा आला म्हणजे ती लावावीत. लावताना पाने मातीत पुरू नयेत. पहिले पाणी चार-पाच दिवसांनी द्यावे.

काळ्या जमिनीच्या गावांत लावणीचा उत्तम काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर हा होय. पाऊस सरलेला असतो, जमिनीत ऊब असते आणि उन्हाळा येईपर्यंत मुळांना चार-पाच महिने मिळतात. ऐन पावसाळ्यात लावलेली कोवळी पिले पुष्कळदा सडतात. दोन रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवल्यास वर सांगितलेल्या वाफ्यात दोन ओळींत १६ रोपे बसतात. ही रोपे विकत घेण्याचे कारण नाही. बहुतेक प्रत्येक गावात कोणाच्या तरी परसात कोरफडीचे जुने बेट असतेच. विद्यार्थ्यांनी घरून एकेक पिल्लू आणले तरी वाफा भरून जाईल.

पाणी आणि निगा

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक झाडास एक लिटर पाणी सायंकाळी द्यावे. हे पाणी पानांच्या मध्यभागी न ओतता बुंध्याभोवती द्यावे. या काळात सुमारे सात पाळ्या होतात. १६ झाडांस सात पाळ्यांचे मिळून ११२ लिटर पाणी लागते. तेवढ्याच चार चौरस मीटर जागेवरील हिरवळीस रोज २४ लिटर, म्हणजे त्याच काळात अडीच हजार लिटरांहून अधिक पाणी द्यावे लागेल. सुट्टीत एखाददुसरी पाळी चुकली तरी मुळे धरलेली कोरफड मरत नाही. हिवाळ्यात महिन्यातून एकदा पाणी पुरते. पावसाळ्यात वरून पाणी मुळीच देऊ नये.

पावसाळ्याच्या आरंभी वाफ्यातील तण काढून दगडांच्या फटी मोकळ्या कराव्यात. पानांवर काळे डाग दिसल्यास ती पाने कापून दूर न्यावीत. बुंधा मऊ पडून दुर्गंधी येऊ लागल्यास झाड उपटावे, सडलेला भाग निरोगी भागापर्यंत कापून टाकावा आणि उरलेला शेंडा आठवडाभर सुकवून नव्या जागी लावावा. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण आढळल्यास साबणाच्या पाण्यात बुडविलेल्या ब्रशाने ते घासून काढावेत व पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. दोन-तीन वर्षांनी पिलांची दाटी होते. जास्तीची पिले काढून शेजारच्या शाळेस, अंगणवाडीस किंवा गावकऱ्यांस वाटावीत.

शोभेच्या दृष्टीने मांडणी

नुसत्या कोरफडीचा वाफा एकसुरी वाटण्याचा संभव आहे. वाफ्याच्या उन्हाच्या कडेस चिनी गुलाब लावल्यास त्याची रंगीत फुले खाली पसरतात आणि कोरफडीची उभी पाने त्यांतून उठून दिसतात. सावलीच्या बाजूस पानफुटी शोभते. हिवाळ्याच्या सुमारास तिला घंटेसारखी लोंबती फुले येतात. पानफुटीबाबत एक दक्षता आवश्यक आहे. ती मूळची मादागास्करची असून पानापानांतून नवी रोपे देते, त्यामुळे ती झपाट्याने पसरते. तिच्यात गुराढोरांस बाधणारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात तिच्या जवळच्या जाती कुरणांत पसरून गुरांना विषबाधा झाली आहे. म्हणून ती कुंपणाच्या आत व शक्यतो कुंडीतच ठेवावी, आणि छाटलेली पाने गुरांच्या वाटेवर टाकू नयेत.

शाळेतील एक प्रयोग

वर्धा शहरात २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन समितीची आणि पुढे नयी तालीमची वाटचाल सुरू झाली. हाताने करावयाच्या कामातून ज्ञान मिळावे, हे त्या विचाराचे सूत्र होते. कोरड्या बागेचा हा वाफा त्या सूत्रास धरून असलेला पाठ ठरू शकेल.

हेन यांचे निरीक्षण विद्यार्थ्यांना चव न घेता पडताळता येईल. पाने चघळू देऊ नयेत. चुन्याच्या निवळीत चिमूटभर हळद टाकल्यास ती लाल होते. आम्ल मिसळले की पुन्हा पिवळी पडते. उन्हात वाढलेल्या पानफुटीचे एक पान सूर्योदयापूर्वी तोडून त्याचा रस काढावा. दुसरे, तेवढ्याच आकाराचे पान सायंकाळी तोडून त्याचाही ताजा रस काढावा. प्रत्येक वेळी सारख्याच मापाच्या लाल निवळीत रसाचा एकेक थेंब टाकीत जावे व रंग पिवळा होईपर्यंत किती थेंब लागले ते मोजावे. सकाळच्या रसाचे कमी व सायंकाळच्या रसाचे अधिक थेंब लागतात. याचा अर्थ सकाळच्या पानात आम्ल जास्त होते. निवळी शिक्षकांनी स्वतः हाताळावी, कारण चुना डोळ्यांस अपायकारक असतो. झाडाने रात्रभर काय केले, हे मुलांना रंगाच्या फरकावरून स्वतः पाहता येते.

औषध म्हणून वापरताना

अंगणात कोरफड आली की तिचा औषध म्हणून वापर होणार, हे ओघानेच आले. येथे दोन द्रव्यांतील भेद जाणून घेणे आवश्यक आहे. पानाच्या मध्यभागी असतो तो स्वच्छ गर. सालीलगत जो पिवळा, कडू चीक असतो तो निराळा. हा चीक तीव्र रेचक आहे. तोच वाळवून काळा बोळ तयार करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये, सुरक्षिततेची पुरेशी माहिती उपलब्ध नसल्याच्या कारणावरून, चिठ्ठीवाचून विकल्या जाणाऱ्या रेचकांत कोरफडीच्या चिकाचा वापर थांबविला. गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी तो घेऊ नये. पोटात काहीही घ्यावयाचे झाल्यास वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

किरकोळ भाजल्यास प्रथम पुष्कळ थंड पाण्याखाली तो भाग धरावा. नंतर चीक निथळून गेलेला स्वच्छ गर वरून लावण्यास हरकत नाही. फोड फुटले असल्यास किंवा भाजणे खोल असल्यास गर न लावता रुग्णास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

व्यापारी लागवडीचा मोह

बागेतील कोरफड सहज वाढते, हे पाहून ती शेतात लावण्याचा विचार काहींच्या मनात येतो. सौंदर्यप्रसाधनांत कोरफडीस मागणी आहे, हे खरे. औषधी वनस्पतींच्या विकासासाठी केंद्र शासनाने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापनाही केली. परंतु पाने तोडल्यानंतर गर लवकर खराब होतो. प्रक्रिया करणारा कारखाना जवळ नसेल तर वाहतुकीचा खर्चच उत्पन्न गिळून टाकतो. रोपे चढ्या दराने विकून पानांच्या खरेदीचे केवळ तोंडी आश्वासन देणाऱ्यांपासून शेतकऱ्यांनी सावध राहावे. खरेदीदार कोण, दर काय, वाहतूक कोणाची आणि माल न उचलल्यास भरपाई किती, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी करारात मिळाल्यावाचून एक एकरही जमीन गुंतवू नये. पंचायत सदस्यांनी व कृषी सहायकांनी अशा प्रसंगी शेतकऱ्यास करार वाचून दाखविला तर मोठे नुकसान टळू शकेल. अंगणातील सोळा झाडे आणि शेतातील सोळा हजार झाडे यांचे अर्थशास्त्र एक नसते.

उपसंहार

सेवाग्राम येथील बापू कुटी माती, लाकूड, बांबू अशा स्थानिक साहित्यातून उभी राहिली. त्या कुटीची शोभा तिच्या साधेपणात आहे, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येकास जाणवते. आवाराच्या सुशोभनासही हाच न्याय लावता येईल. परिसरातील मुरूम, जुन्या विटा, गावातूनच मिळालेली पिले आणि वर्षाकाठी काही घागरी पाणी, एवढ्या साहित्यावर उन्हाळाभर हिरवा राहणारा वाफा तयार होतो. ग्रामपंचायतींनी ऑक्टोबर महिन्यात एक दिवस ठरवून शाळा, अंगणवाडी व कार्यालय यांच्या आवारात असा एकेक वाफा करावा. त्यामुळे वाचलेले पाणी परसबागेतील भाजीस व नव्याने लावलेल्या कडुनिंबास मिळेल. जूनच्या अखेरीस शाळेचे फाटक उघडेल तेव्हा मुलांना आपण लावलेली झाडे जागच्या जागी उभी दिसतील. पुढील वर्षी आणखी काही लावण्याचा उत्साह त्यांच्यात टिकून राहील, हा लाभही लहान नव्हे.